सुटाच्या काठावरचा आकडा

कापूस बाजारात गाडी उभी राहिली की व्यापारी ढिगातून चिमूटभर कापूस उचलतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच ओढतो आणि तंतू किती लांब निघाला ते पाहतो. शेतकरीही बाजूला उभा राहून तेच पाहत असतो. स्टेपल किती, मायक्रोनेअर किती, ओल किती, यावरून भाव ठरतो हे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी या पट्ट्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तर एकोणिसाव्या शतकात परदेशच्या बाजारातही चालायचं, ते त्याच्या तंतूमुळेच.

हाच माणूस तुळशीचं लग्न आटोपल्यावर मुलाच्या लग्नासाठी सुटाचं कापड घ्यायला दुकानात जातो. समोरचा मुलगा दोन तागे उलगडतो आणि सांगतो, “भाऊ, हे सुपर हंड्रेड ट्वेंटी, आणि हे वन फिफ्टी. वन फिफ्टी एकदम भारी.” कापसाच्या बाबतीत कुणाच्या शब्दावर न जाणारा आपला माणूस इथे मात्र मान डोलावतो आणि भारीवालं बांधून घेतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. कारण लोकरीचा हा आकडा कळायला जे लागतं, ते त्याला आधीच येतं.

पहिली गोष्ट: ‘सुपर’पुढचा आकडा कापडाचा दर्जा सांगत नाही. तो तंतूची जाडी सांगतो, आणि तेवढंच सांगतो.

या आकड्याचं मूळ इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहरात आहे. तिथे लोकरीची बारकाई मोजायची जुनी रीत अशी होती: एक पौंड विंचरलेल्या लोकरीतून ५६० यार्डांच्या किती लड्या कातता येतील? चौसष्ट निघाल्या तर ती लोकर ६४ नंबरची. तंतू जितका बारीक, तितकं सूत लांब निघणार आणि आकडा वर जाणार. ६४ नंबरचा हिशेब केला तर एका पौंडात ३५,८४० यार्ड सूत होतं, म्हणजे जवळजवळ ३३ किलोमीटर. वर्धा स्टेशनपासून उलगडत नेलं तर ते पुलगावला सहज पोचेल.

ही भाषा आपल्याला परकी नाही. सुती सुताचा नंबरही असाच, फक्त लडी ८४० यार्डांची. आणि चरख्याच्या जिल्ह्यात तर गुंडी हे घरातलंच माप होतं. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची गुंडी. गुणाकार करून पाहा, ८५३ यार्ड येतात, म्हणजे जवळजवळ गिरणीच्या लडीएवढीच. १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीच्या काठी गांधीजींच्या स्मृतीला सूतांजलीत वाहिली जायची ती हीच गुंडी. ज्यांच्या आजी-आजोबांनी सेवाग्राम किंवा गोपुरीच्या वातावरणात सूत कातलं, त्यांनी “वीस नंबरचं”, “चाळीस नंबरचं” हे शब्द लहानपणी ऐकलेले असतात. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केलं, आजही चरख्यांचे नाना प्रकार मांडलेले आहेत. मुलांना घेऊन जा आणि तिथे उभं राहून नंबर म्हणजे काय ते समजावून सांगा, एका दुपारचं काम आहे.

आता लोकरीकडे. ब्रॅडफर्डचा नंबर जाणकार माणूस डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवायचा. पुढे तंतूची जाडी यंत्राने मोजता येऊ लागली आणि लड्यांचा हिशेब मागे पडला. आकडा राहिला, पण त्याचा अर्थ बदलला. आज सुपर १०० म्हणजे त्या कापडातल्या तंतूंची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्र संघटनेने घालून दिलेला नियम लक्षात ठेवायला फार सोपा आहे: आकडा दहाने वाढला की जाडी अर्ध्या मायक्रॉनने उतरते. सुपर ११० म्हणजे १८.२५, सुपर १२० म्हणजे १७.७५, सुपर १५० म्हणजे १६.२५, सुपर १८० म्हणजे १४.७५.

या रांगेकडे जरा थांबून पाहा. शंभर आणि दीडशे यांत ऐकायला दीडपट फरक वाटतो. प्रत्यक्षात फरक अडीच मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अडीच मायक्रॉन हा केसाचा जेमतेम विसावा-चाळिसावा हिस्सा. हा फरक हाताला जाणवतो, यात शंका नाही. दीडशेचं कापड बोटांखालून रेशमासारखं सरकतं. पण तो हाताला जाणवतो म्हणून कापड दीडपट चांगलं ठरत नाही, आणि दीडपट टिकतं तर मुळीच नाही.

उलट कमी टिकतं. कापसात आपण हे पाहतोच. बारीक सुताचं धोतर अंगाला मऊ लागतं, पण बांधावर, काट्याकुट्यात वावरायला कुणी ते नेसत नाही. तिथे जाडंभरडंच हवं. लोकरीचंही तसंच. तंतू बारीक, म्हणून घासटीला कमकुवत. कोपर, मांड्यांची आतली बाजू, बसायची जागा, आणि खिशाची कड, जिथे मोबाइल दिवसातून पन्नास वेळा आतबाहेर होतो, तिथे तो आधी चकाकतो, मग विरतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धाकट्या भावाच्या लग्नात मी असाच आकड्याला भुलून दीडशेचा सूट शिवला होता. लग्नात तो सुंदर दिसला. नंतर वाटलं, एवढा महागाचा सूट कपाटात काय ठेवायचा, म्हणून ऑफिसच्या बैठकांना, स्कूटरवरून, घालत गेलो. दुसऱ्या हिवाळ्यात पँटची बसायची बाजू तेल लावल्यासारखी चमकू लागली, तिसऱ्यात शिवणीपाशी उसवली. कापड खोटं नव्हतं. माझं काम आणि त्याचा जीव यांचा मेळ नव्हता, आणि दुकानात मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग विचारायचं काय? माझ्या मते आकड्याच्या आधी तीन गोष्टी येतात: वजन, वीण आणि सुताचा पीळ. वर्ध्यासारख्या ठिकाणी तर वजन सगळ्यांत आधी.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हिवाळ्यात रात्री गारठा असतो, पण दुपारी दोन वाजता डिसेंबरातही उन्हात कोट नको वाटतो. सुटाचे बहुतेक नियम थंड देशांतल्या लोकांनी स्वतःसाठी केले, ते जसेच्या तसे इथे लावले की नवरदेव वरातीत घामाने निथळतो. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न असा विचारा: “वजन किती आहे?” उत्तर ग्रॅममध्ये येईल. लगेच दुसरा प्रश्न: “धावत्या मीटरला की चौरस मीटरला?” इथे पुष्कळ घोटाळा होतो. सुटाच्या कापडाचा पन्हा साधारण दीड मीटर असतो. म्हणून धावत्या मीटरला २५० ग्रॅम असलेलं कापड चौरस मीटरला सुमारे १६७ ग्रॅमच भरतं. एका दुकानाने एक माप सांगितलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर हलकं कापड जड वाटेल आणि जड ते हलकं.

धावत्या मीटरच्या हिशेबाने सांगायचं तर आपल्या हवेला २४० ते २८० ग्रॅम हे वजन छान. जुने शिंपी याला आठ-नऊ औंसाचं कापड म्हणतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या संध्याकाळच्या लग्नाला ३०० ग्रॅमपर्यंत गेलात तरी चालेल. कोट अंगावर जास्त डौलात पडेल. २२० च्या खाली मात्र जाऊ नका. फार हलकं कापड उन्हाळ्यात बरं वाटेल अशी समजूत असते, पण ते अंगावर नीट पडत नाही, गाडीत तासभर बसलं की चुरगाळतं आणि घाम आला की पाठीला चिकटतं. आणि इथेच आकडा आडवा येतो, कारण फार वरच्या आकड्यांची कापडं बहुधा मऊ, पातळ आणि चटकन चुरगाळणारी असतात.

वीण. साधी वीण, म्हणजे एक धागा वर, एक खाली, ही उष्ण हवेसाठी उत्तम, कारण धाग्यांमधून वारा खेळतो. दुकानात याला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. ट्विल म्हणजे तिरक्या रेघांची वीण. ती दाट, गुळगुळीत, दिसायला श्रीमंत, पण गरम. कापड उजेडापुढे धरा. बारीक चाळणीसारखा उजेड आला तर वारा येईल. उजेडच येत नसेल तर वाराही येणार नाही, मग आकडा काही का असेना.

पीळ ही गोष्ट दुकानदार स्वतःहून क्वचितच सांगतो, म्हणून आपण विचारावी. सूत जास्त पीळ देऊन कातलं असेल तर कापड थोडं कोरडं, खरखरीत लागतं, पण चुरगाळत नाही, मळत नाही आणि घाम आला तरी अंगाला चिकटत नाही. त्यातही ताणा आणि बाणा दोन्ही दुपदरी सुताचे असले तर फारच उत्तम. विचारताना “टू बाय टू आहे का?” म्हटलं की जाणत्या विक्रेत्याला कळतं. ताण्यात दुपदरी आणि बाण्यात एकेरी सूत असलेलं कापड स्वस्त पडतं, पण आधी झिजतं. सुपर १०० किंवा ११० ची लोकर, जास्त पिळाचं दुपदरी सूत, साधी मोकळी वीण आणि २६० ग्रॅमच्या आसपास वजन: वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला एकच सूट शिवायचा असेल तर मी डोळे मिटून हे सांगेन. असं कापड मुठीत घट्ट दाबून दहा आकडे मोजा आणि सोडा. घड्या आपोआप उलगडायला लागल्या तर ते चांगलं. कागदासारख्या घड्या तशाच राहिल्या तर ठेवून द्या.

लोकर आणि आपला उन्हाळा यांचं जमेल तरी कसं, अशी शंका येणं साहजिक आहे. लोकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोंगडी येते. पण घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची, राठ, केसाळ, सुटाच्या लोकरीच्या दुपटीने किंवा त्याहूनही जाड. पाऊस, थंडी, जमिनीची ओल झेलायला ती हवी तशीच आहे, आणि धनगराच्या खांद्यावर शतकानुशतकं ती शोभली. कापूस निघून गेल्यावर पऱ्हाटीच्या वावरात बसणारे रबाऱ्यांचे कळप पाहिलेत ना, उंट आणि मेंढ्या घेऊन कच्छकडून आलेले? त्यांची लोकरही अशीच भरड, गालिच्याच्या कामाची. सुटाची लोकर येते मेरिनो मेंढीची, आणि तिचा मोठा हिस्सा ऑस्ट्रेलियातून. ती बारीक असते, आणि तिच्यात एक गुण आहे जो कापसात तेवढा नाही: आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही ती हाताला ओली लागत नाही. घाम शोषते, हळूहळू सोडते. म्हणून हलक्या, मोकळ्या विणीची लोकर पॉलिस्टरपेक्षा थंड वाटते. विश्वास बसत नसेल तर दोन्ही कापडांचे कोट एप्रिलच्या संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं घालून पाहा.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. ‘सुपर’ हा शब्द नियमाने फक्त शुद्ध नव्या लोकरीच्या कापडाला लावायचा असतो. त्यात काश्मिरी किंवा रेशमासारखे उंची तंतू मिसळलेले चालतात, ताण यावा म्हणून थोडं इलास्टेन चालतं. पण पॉलिस्टर मिसळलं की ‘सुपर’ लिहिता येत नाही. तरीही बाजारात पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या, लोकरीचा एक तंतूही नसलेल्या पीसवर सोनेरी अक्षरांत ‘सुपर १२०’ छापलेलं असतं. साध्या माणसाने आयुष्यात दोनदा-तीनदा सूट घ्यायचा आणि त्यातही त्याला असं फसवायचं, हे बरोबर नाही. पॉलिस्टर-व्हिस्कोस विकायला काहीच हरकत नाही, फक्त ते पॉलिस्टर-व्हिस्कोस म्हणून विकावं.

ओळखायचं कसं? तागा पूर्ण उलगडून काठ पाहा. चांगल्या गिरणीच्या कापडावर काठातच अक्षरं विणलेली असतात: गिरणीचं नाव, लोकरीचं प्रमाण, सुपरचा आकडा. छापील चिठ्ठी कुणीही चिकटवू शकतो, काठ विणायला माग लागतो. मग घटक वाचा. “ऑल वूल” किंवा “१०० टक्के वूल” आहे, की “पॉली-वूल”, की “टी.आर.”, म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोस? वूलमार्कचं चिन्ह असेल तर साधं वूलमार्क शुद्ध नव्या लोकरीसाठी असतं, मिश्रणासाठीच्या चिन्हांखाली तसं लिहिलेलं असतं. तरी शंका राहिली तर कडेचे चार धागे काढून घरी आणा, चिमट्यात धरा आणि थाळीवर धरून काडी लावा. लोकर पटकन पेटत नाही, केस जळल्याचा वास येतो, आग बाजूला केली की विझते आणि बोटांनी चुरडली जाणारी काळी राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी बनतो. व्हिस्कोस कागदासारखं भडकतं. मणीही आला आणि केसांचा वासही आला, तर मिश्रण.

मिश्रण वाईट असतं असं मी म्हणणार नाही. वर्ध्याच्या कोर्टात रोज काळा कोट घालणारे वकील, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, मुलाखतींच्या मोसमातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांनी पॉली-वूल घ्यावं आणि समाधानाने वापरावं. ते झिजत नाही, इस्त्री टिकते, किंमत निम्म्यावर येते. लोकर अर्धी किंवा त्याहून जास्त असेल एवढं पाहा. रोज सात-आठ तास अंगावर राहणाऱ्या कोटाला सुपर १३० आणि त्यापुढचं कापड घेणं म्हणजे मळणीच्या दिवशी पैठणी नेसण्यासारखं आहे. वरचे आकडे, १५०, १८०, ते वर्षातून दोन-चारदा, एसी सभागृहात, गाडीतून उतरून गाडीत बसणाऱ्यासाठी ठीक. आणि ज्याला ते परवडतं आणि हौस आहे त्याने जरूर घ्यावं; बारीक लोकरीचा स्पर्श ही एक सुंदर गोष्ट आहे, ती नाकारायचं कारण नाही.

आणखी एक वाट आपल्या जिल्ह्याने विसरू नये. कायद्याने खादी म्हणजे फक्त सुती कापड नव्हे. १९५६ च्या खादी आयोगाच्या कायद्यातच हातकताईचं, हातमागावरचं लोकरी आणि रेशमी कापडही खादीत धरलं आहे. खादी भांडारात हिमालयाकडून आलेलं लोकरी कापड हिवाळ्यात मिळतं. त्यावर सुपरचा आकडा नसतो. ते जाडसर, थोडं असमान, जिवंत कापड असतं, सुटापेक्षा जाकिटाला आणि बंदगळ्याला जास्त शोभतं. ते निवडताना गालाला लावून पाहा. टोचलं तर अस्तराशिवाय शिवू नका. संक्रांतीच्या आसपासच्या लग्नात सुती खादीच्या सदऱ्यावर असं जाकीट घातलेला माणूस मांडवात वेगळा उठून दिसतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

कापड ठरलं की मीटरचं पाहा. मध्यम उंचीच्या माणसाला कोट-पँटला तीन ते सव्वातीन मीटर लागतं, वेस्टकोट हवा असेल तर अर्धा मीटर जास्त. चौकड्यांचं कापड असेल तर चौकडी जुळवायला थोडं अजून. खोक्यात बांधलेला तयार सूट पीस घेणार असाल तर तो दुकानातच उघडून मोजून घ्या. आहेरात आलेले पीस कधी कधी पावणेतीन मीटरच भरतात आणि शिंपी मग पँटची दुमड कापतो. खरेदीला नागपूरला जायलाच हवं असं नाही. ज्या गिरण्यांचं कापड तिथे मिळतं त्याच गिरण्यांचं वर्ध्यात आणि हिंगणघाटातही येतं. १९२५ साली ठाण्यात सुरू झालेल्या रेमंडची एक मोठी गिरणी तर नागपूरच्या पलीकडे, पांढुर्णा जिल्ह्यात सौंसरजवळ बोरगावला आहे. लोकर ऑस्ट्रेलियातली असली तरी ती विणणारे हात पुष्कळदा आपल्या शेजारचे, घरात मराठी बोलणारे असतात.

शिंप्याकडे जाताना काठावरचा आकडा त्यालाही दाखवा. फार बारीक लोकर शिवायला बारीक सुई आणि हलका हात लागतो, गरम इस्त्रीने ती चटकन चकाकते. “यावर ओलं फडकं टाकून इस्त्री करणार ना?” असं विचारलं तर चांगला शिंपी रागावत नाही. आतलं कॅनव्हास चिकटवलेलं आहे की टाके घालून लावलेलं, हेही विचारा. चिकटवलेलं असेल तर घाम आणि ड्रायक्लीनिंगने काही वर्षांत छातीवर फुगे येतात, आणि मग दोष बिचाऱ्या कापडाला लागतो.

सूट घालून झाल्यावर लगेच कपाटात टाकू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर एक रात्र वाऱ्यावर लटकवा, मऊ ब्रशने धूळ झटका. लोकर स्वतःच सावरते, आंघोळीच्या वाफेत न्हाणीघराबाहेर टांगली तर घड्याही मोडतात. ड्रायक्लीनिंग वर्षातून एकदा, मोसम संपल्यावर. मग सुती कापडाच्या पिशवीत, प्लास्टिकच्या नव्हे, कारण आषाढ-श्रावणात प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते. कसर लोकरच खाते, आणि घामाचे, जेवणाचे डाग असतील तिथून सुरुवात करते, म्हणून ठेवताना सूट स्वच्छ असलाच पाहिजे. वाळवलेला कडुनिंबाचा पाला पिशवीच्या तळाशी टाका, वर्षाला बदला, आणि पोळ्याच्या सुमारास ऊन पडलं की पिशवी उघडून तासभर सावलीत वारा द्या.

शिंप्याकडून सूट घरी आणताना उरलेले तुकडे मागून घ्या. तळहाताएवढाही तुकडा चालेल. त्यातून काढलेल्या धाग्याने रफू केलं तर फाटलेली जागा दिसत नाही. बाजारातल्या धाग्याने केलं तर कितीही चांगला रफूगार असला तरी उजेडात ती ओळखू येते. तो तुकडा सुटाच्याच आतल्या खिशात, काठावरची अक्षरं असलेली पट्टी सोबत गुंडाळून ठेवा.